जुन्या विनोदी लघुपटांवरील माहितीपटाचा ट्रेलर कसा जुळवावा

गेल्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी आम्ही चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन आणि लॉरेल-हार्डी यांचे जुने लघुपट दाखवत होतो. पाहायला येणाऱ्या मुलांपैकी काहींनी या लघुपटांवर माहितीपट करायचे मनावर घेतले आणि पहिली पायरी म्हणून दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर आधी तयार करायचा असे ठरले. ज्याने संगणकावर कधीच संकलन केलेले नाही, अशा वाचकालाही हे काम जमावे म्हणून त्यात आम्ही जे शिकलो ते क्रमाने येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. विनोदी लघुपटातील प्रत्येक प्रसंगाला स्वतःचा वेळ असतो आणि तो त्या नटांनी अतिशय विचारपूर्वक ठरवलेला असतो. आधी तयारी, मग थांबणे, मग घटना आणि शेवटी त्या घटनेचा चेहऱ्यावर उमटलेला परिणाम, असे त्याचे चार टप्पे असतात व त्यांपैकी एक जरी कापला तरी हसू येत नाही. आपल्याकडे देवळाच्या जत्रेला होणाऱ्या नाटकांत ज्यांनी कधी प्रॉम्प्टरचे काम केले आहे त्यांना हे लगेच उमगेल. प्रेक्षकांतला हशा ओसरण्याआधी पुढचे वाक्य दिले, तर ते वाक्यही वाया जाते आणि आधीचा हशाही तुटतो. ट्रेलर जुळवणाऱ्याचे काम त्या प्रॉम्प्टरसारखेच आहे.

साहित्य आणि हक्क

पहिले काम म्हणजे कोणते लघुपट वापरायचे ते ठरवणे आणि हा निर्णय आवडीइतकाच कायद्यावर अवलंबून असतो. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो, तर अमेरिकेत त्या काळातील चित्रपटांना प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकते. आपला ट्रेलर इंटरनेटवर चढवला की तो जगभर दिसणार, म्हणून अमेरिकेतील मुदतही पाहणे शहाणपणाचे ठरते. चॅप्लिनचा १९१७ चा 'द इमिग्रंट', कीटनचा १९२० चा 'वन वीक' आणि लॉरेल-हार्डीचा १९२९ चा 'बिग बिझनेस' हे तिन्ही या हिशेबाने मोकळे झाले आहेत. याउलट, १३३ पायऱ्यांवरून पियानो चढवण्याच्या खटाटोपामुळे गाजलेला आणि विनोदी लघुपटाचे ऑस्कर मिळवणारा लॉरेल-हार्डीचा 'द म्युझिक बॉक्स' १९३२ चा आहे, आणि हक्कांचे नूतनीकरण झाले असेल तर अमेरिकेत त्याची मुदत २०२७ च्या अखेरीपर्यंत जाते. आमच्या मुलांचा तो सर्वांत लाडका होता, तरीही आम्ही तो ट्रेलरमध्ये घेतला नाही. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. पण ती नेमकी कुठवर पोहोचते हे प्रत्येक प्रसंगी वेगळे ठरत असल्यामुळे नवख्याने तिच्या भरवशावर राहू नये आणि शक्य तेथे हक्कमुक्त चित्रपटच निवडावेत.

येथे एक खाचखळगा आहे. मूकपट हक्कमुक्त असला तरी त्याच्या नव्या प्रतीवर चढवलेले संगीत हक्कमुक्त असेलच असे नाही, कारण ते बहुधा अलीकडच्या संगीतकाराने रचून ध्वनिमुद्रित केलेले असते. म्हणून क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीवर, घेतल्याबरोबर तिचा आवाज काढून टाकावा. आमच्याकडे एका मुलाने हे केले नव्हते व ट्रेलर चढवल्यावर काही मिनिटांतच त्यावर संगीताच्या हक्काचा दावा लागला. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहातून फाइल उतरवून घेताना ती कोणत्या प्रतीवरून आली आहे, तिची लांबी किती आहे आणि ती कोणत्या दिवशी घेतली, एवढे वहीत लिहून ठेवावे. एकाच लघुपटाच्या तीन-चार प्रती मिळाल्या तर सर्वांत स्वच्छ दिसणारीच प्रत घ्यावी असे नाही. जिच्यात प्रसंग कापलेले नाहीत आणि चौकटीची वरची-खालची कड शाबूत आहे, ती घ्यावी, कारण पडणाऱ्या माणसाचे पाय दिसले नाहीत तर पडण्याला अर्थ राहत नाही.

माणसांच्या मुलाखती

नुसत्या जुन्या क्लिपा जोडल्या तर तो माहितीपटाचा ट्रेलर वाटत नाही. तो संग्रह वाटतो. त्यात आजचे कोणीतरी बोलले पाहिजे, आणि गोव्यात असे बोलणारे वयोवृद्ध अजून भेटतात. पोर्तुगीज भाषेत चॅप्लिनच्या त्या भटक्याला 'शार्लो' म्हणत. आमच्या शेजारच्या वाड्यावरचे एक आजोबा मुलाखतीत तेच नाव घेऊन बोलू लागले, आणि त्या एका शब्दाने ट्रेलरची सुरुवात आम्हाला सापडली.

मुलाखत घेताना "तुम्हाला हे चित्रपट का आवडतात" असे विचारले तर उत्तर ठोकळेबाज येते. त्यापेक्षा "तुम्हाला आठवणारा एखादा प्रसंग करून दाखवा" असे म्हणावे. आमचे आजोबा खुर्चीवरून उठले, भिंतीला टेकवलेली छत्री हातात घेतली, पावले बाहेर फेकत पडवीत चार पावले चालले आणि मग स्वतःशीच हसत परत बसले. कॅमेरा स्टँडवर थोडा मागे ठेवलेला असल्यामुळे ते डोक्यापासून पायांपर्यंत चौकटीत राहिले. जवळून चित्रीकरण केले असते तर ती चाल हातची गेली असती. मोबाइल आडवा धरावा, खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवावी, आणि आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा माइक जरूर वापरावा. चित्रीकरणापूर्वी लेखी संमती घ्यायला विसरू नये.

कागदावरचे संकलन

सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्रत्येक लघुपट वही घेऊन पाहावा आणि निवडलेल्या प्रत्येक प्रसंगासाठी चार रकाने आखावेत: तयारी कोठे सुरू होते, थांबणे किती सेकंदांचे आहे, घटना कोणत्या फ्रेमला (म्हणजे फिल्मवरच्या कोणत्या एका चित्राला) घडते आणि परिणाम कोठपर्यंत टिकतो. हे काम कंटाळवाणे वाटते, पण आमचा निम्मा ट्रेलर या वहीतच तयार झाला.

उदाहरणादाखल 'द इमिग्रंट'मधील सुरुवातीचा प्रसंग घेऊ. स्थलांतरितांनी भरलेले जहाज हेलकावे खात आहे, प्रवासी लाटांनी हैराण झालेले दिसतात आणि मग कठड्यावरून खाली वाकलेला चॅप्लिन आपल्याला पाठमोरा दिसतो. त्याचे अंग हिसके देत असते. यालाही उलट्या होत आहेत असे आपण धरून चालतो. इतक्यात तो वळतो आणि त्याच्या हातात गळाला लागलेला मासा असतो. हा प्रसंग लहान आहे, त्यामुळे तो ट्रेलरमध्ये सबंध बसतो. पण आधीचे आजारी प्रवासी काढले तर पाठमोऱ्या माणसाचा काहीच अर्थ लागत नाही, आणि पाठमोरा भाग आखूड केला तर "याला मळमळते आहे" हा समज मनात रुजायला अवकाश मिळत नाही. आम्ही तो भाग वेगवेगळ्या लांबीत करून मुलांना दाखवला. सर्वांत आखूड रूपात मासा दिसला तरी कोणी हसले नाही, आणि मूळ लांबी ठेवली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "मासो!" असे ओरडले. त्या दिवसापासून त्या भागाला कोणी हात लावला नाही.

सगळेच प्रसंग असे आटोपशीर नसतात. 'वन वीक'मध्ये नवविवाहित जोडप्याला भेट म्हणून सुट्या भागांचे घर मिळते, मुलीचा नाकारला गेलेला प्रियकर खोक्यांवरचे क्रमांक बदलतो आणि उभे राहते ते वेडेवाकडे घर. शेवटी ते घर रेल्वेच्या रुळांवर अडकते व गाडी येताना दिसते. त्यानंतर काय होते ते ठाऊक असले तरी ट्रेलरमध्ये सांगू नये. मूळ प्रसंगातील आनंद दोन टप्प्यांत वाटलेला आहे आणि ते दोन्ही टप्पे सलग पाहण्यातच त्याची गंमत आहे. फक्त शेवटचा धक्का उचलून दाखवला तर प्रेक्षकाच्या हाती नुसती मोडतोड लागते. आम्ही गाडी जवळ येईपर्यंतचाच भाग घेतला, नवरा-बायकोने डोळे झाकून घेताच पडदा काळा केला आणि त्यानंतर माहितीपटाचे नाव आणले. ट्रेलरचा शेवट म्हणून अशी अर्धवट सोडलेली जागा फार उपयोगी पडते.

'बिग बिझनेस'ची गोष्ट आणखी वेगळी. नाताळची झाडे दारोदार विकणारे लॉरेल-हार्डी आणि जेम्स फिनलेसनने रंगवलेला घरमालक यांच्यात भांडण जुंपते. ते त्याचे घर मोडतात, तो त्यांची गाडी मोडतो. मात्र एक जण मोडत असताना दुसरा शांतपणे उभा राहून पाहतो आणि मग आपली पाळी घेतो. ही पाळी पाळण्याची पद्धत म्हणजेच त्या लघुपटाचा आत्मा आहे. पाहत उभे असलेले चेहरे वगळून केवळ तोडफोड एकापुढे एक जोडली तर सारे रानटी दिसू लागते. म्हणून येथून कमी घ्यावे, पण जे घ्यावे ते एका पूर्ण पाळीचे आणि तिच्या उत्तराचे असावे.

सॉफ्टवेअर, वेग आणि चौकट

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे, पण तिला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. जुन्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर चालवावीत. रिझॉल्व्हमध्ये प्रकल्पात क्लिपा आणल्यावर प्रकल्पाचा मूळ फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता येत नाही, त्यामुळे तो आधीच ठरवावा. आम्ही २४ ठेवला आणि मोबाइलवरचे चित्रीकरणही त्याच वेगाने केले. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून आपोआप जतन करण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करावी.

मूकपटांच्या वेगाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत असल्यामुळे सेकंदाला किती फ्रेम याचा एकच नियम नव्हता. साधारण १६ पासून २४ पर्यंत वेग आढळतात. एका रिळात सुमारे १,००० फूट फिल्म असे आणि एका फुटात १६ फ्रेम बसत, म्हणजे तेच रीळ १६ च्या वेगाने जवळजवळ १७ मिनिटे आणि २४ च्या वेगाने ११ मिनिटे चालते. १८ च्या वेगाने चित्रित केलेला लघुपट २४ ने दाखवला तर माणसे तुरुतुरु पळू लागतात. तो पूर्वपदावर आणायचा तर क्लिपचा वेग ७५ टक्के करावा लागतो, आणि तेव्हा दर तिसरी फ्रेम दोनदा दिसते. हे करताना फ्रेम एकमेकांत मिसळणारा पर्याय बंद ठेवावा. नाहीतर हलणाऱ्या हाताच्या मागे भुतासारखी सावली उमटते.

मात्र सरसकट सर्व क्लिपा सावकाश करू नयेत. पाठलाग अधिक वेगवान दिसावा म्हणून हे लोक काही प्रसंगांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवत, तेव्हा तो वाढीव वेग हाही त्यांच्या कलेचाच भाग असतो. वेग योग्य आहे की नाही हे ओळखायला नायकाकडे न पाहता मागून जाणाऱ्या साध्या माणसांकडे, उडणाऱ्या धुळीकडे आणि खाली पडणाऱ्या वस्तूंकडे पाहावे. धूळ नैसर्गिकपणे खाली बसत असेल तर त्या क्लिपला हात लावू नये.

चौकटीविषयी माझे मत ठाम आहे. हे लघुपट जवळपास चौकोनी, म्हणजे चारास तीन या प्रमाणात आहेत, तर आपली टाइमलाइन सोळास नऊ असते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर मूळ चित्र १४४० रुंद बसते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलची काळी पट्टी राहते. ती राहू द्यावी. पडदा भरून टाकण्यासाठी चित्र मोठे केले की वरून टोपी आणि खालून पाय कापले जातात, आणि हे नट तर अंगभर अभिनय करणारे होते. मोबाइलसाठी उभे रूप करायचे असेल तर चित्र मध्यभागी पूर्ण ठेवून वर-खाली मजकूर द्यावा. रंगांच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे: रात्रीच्या प्रसंगांना निळी आणि दिव्याच्या उजेडाला पिवळसर छटा देण्याची त्या काळी पद्धत होती, त्यामुळे प्रतीत अशी छटा दिसली तर तिला दोष समजून कृष्णधवल करू नये.

शंभर सेकंदांची मांडणी

आमचा ट्रेलर शंभर सेकंदांचा झाला. आजोबांचा आवाज प्रथम काळ्या पडद्यावर ऐकू येतो, मग "शार्लो" या शब्दाबरोबर त्यांचा चेहरा दिसतो आणि ते छत्री घेऊन चालू लागताच पुढच्या कटला खरा चॅप्लिन त्याच दिशेने चालताना येतो. दिशा जुळणे महत्त्वाचे आहे. आजोबा डावीकडून उजवीकडे जात असतील तर चॅप्लिननेही तसेच जावे, म्हणजे सुमारे शंभर वर्षांचे अंतर एका पावलात ओलांडल्यासारखे वाटते. त्यासाठी चित्र आडवे उलटवण्याचा मोह मात्र टाळावा. आम्ही योग्य दिशेचा प्रसंग सापडेपर्यंत दोन संध्याकाळी शोधत बसलो.

त्यानंतर माशाचा प्रसंग पूर्ण येतो, मग दोन मुलाखतींतील एकेक वाक्य, 'बिग बिझनेस'मधील एक पाळी व तिचे उत्तर, आणि शेवटी रेल्वेचा रूळ. पहिल्या कच्च्या संकलनात आम्ही मधल्या भागात पडणे, आपटणे, पळणे असे वीस तुकडे संगीताच्या ठेक्यावर बसवले होते. संगणकासमोर आम्हाला ते फार आवडले, पण रविवारी वाचनालयात दाखवल्यावर चाळीस माणसांत एकही हसले नाही. मग वीसांचे तीनच प्रसंग ठेवले आणि प्रत्येक धक्क्यानंतरचा चेहरा निदान दीड सेकंद टिकू दिला. पुढच्या रविवारी लोक हसले. त्यातही ऑलिव्हर हार्डी थेट कॅमेऱ्याकडे पाहतो तेव्हा त्या नजरेचा शेवट कधीच तोडू नये. ती नजर प्रेक्षकासाठीच असते.

आवाज आणि पाट्या

संगीतासाठी बाहेर शोधाशोध करण्यापेक्षा ओळखीतल्या वादकाला विचारावे. मूकपटांच्या काळात मुंबईच्या चित्रगृहांत पडद्यासमोर साथ करणाऱ्यांत गोव्याचे वादकही असत, आणि आजही आपल्या गावागावांत पियानो, व्हायोलिन किंवा पेटी वाजवणारे आहेत. वादकाला आधी संकलित चित्र दाखवावे आणि त्याने ते पाहतच वाजवावे. घटनेच्या आधीच्या थांबण्यात त्याने वाजवणे थांबवले तर फार चांगले, कारण शांततेनेच प्रेक्षक सावध होतो. पडल्यावर "धप्प", घसरल्यावर शिट्टी, असे तयार आवाज चिकटवू नयेत.

निवेदन ध्वनिमुद्रित करण्यासाठी आम्ही आधी सकाळची वेळ निवडली, तर नेमका पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत येई. दुपारी घेतले तर कौलांवरचा पाऊस प्रत्येक वाक्यात उतरे. शेवटी रात्री पाऊस उघडल्यावर, कपाटाचे दार उघडून आतल्या कपड्यांच्या दिशेने तोंड करून, पंखा बंद ठेवून ते काम झाले. खोलीचा नुसता शांत आवाजही अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावा. दोन वाक्यांमधील फट भरताना तो लागतो.

पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या देवनागरीत करताना जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटतात का ते अक्षरन् अक्षर तपासावे, कारण काही सॉफ्टवेअर ती तोडतात. तसे झाले तर पाटी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र म्हणून आणावी. पाटी किती वेळ ठेवायची याचे माप सोपे आहे: ती सावकाश दोनदा मोठ्याने वाचून होईपर्यंत. हा ट्रेलर रसिकांनी हौसेने केला आहे, कोणत्याही निर्मितिसंस्थेचा नाही, हे शेवटच्या पाटीवर स्पष्ट लिहावे आणि वापरलेल्या प्रत्येक लघुपटाचे नाव व वर्ष द्यावे.

अखेरची तपासणी

फाइल एच.२६४ या प्रचलित व्हिडिओ प्रकारात, १९२० बाय १०८० मापाने काढावी आणि आवाजाची एकूण पातळी उणे १४ लुफ्सच्या (आवाजाचा जोर मोजण्याच्या एककाच्या) आसपास ठेवावी, म्हणजे इंटरनेटवर चढवल्यावर ती फारशी बदलत नाही. प्रकल्प, मूळ क्लिपा आणि संमतिपत्रे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत व त्या दोन वेगळ्या घरांत असाव्यात. मग ट्रेलर मोबाइलवर, घरच्या टीव्हीवर आणि शक्य असेल तर एखाद्या सभागृहात, ज्यांनी त्यावर काम केलेले नाही अशा लोकांना दाखवावा. त्या वेळी स्वतः पडद्याकडे न पाहता लोकांकडे पाहावे आणि कोठे हसू फुटले, कोठे कोणी मोबाइल काढला याची नोंद करावी. आमच्या सभागृहातील दाखवण्यात गाडी जवळ आल्यावर लोक एवढ्या मोठ्याने ओरडले की नंतर येणारे माहितीपटाचे नाव त्या गलक्यात कोणी वाचलेच नाही. त्या रात्री काळा पडदा एका सेकंदाऐवजी दोन सेकंदांचा केला आणि तीच फाइल सकाळी चढवली.